सहा हजार मीटरखालची कल्हई

मे महिन्यात भाचा आला की आमच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या. आंब्याची पेटी अंदाजाआधी संपते, आणि ‘तू नक्की काय करतोस रे?’ हा प्रश्न त्याला पुन्हा एकदा विचारला जातो. तो कुठल्याशा प्रयोगशाळेत कसलेसे लेप लावतो, एवढंच आम्हाला माहीत. हिनं तर सोसायटीत ‘तो कोटिंगमध्ये आहे’ असं सांगून ठेवलेलं. परिणामी खालच्या मजल्यावरच्या दोघांचं त्याच्याकडे रंगकामाचं कोटेशन मागूनही झालं होतं.

यंदा त्यानं सोपी वाट काढली. माझ्या आईचं पितळी पातेलं माळ्यावरून उतरवून ओट्यावर ठेवलं होतं. त्याच्या आतून बोट फिरवत तो म्हणाला, “मामा, मी कल्हईवाला आहे. फक्त माझी भांडी समुद्राच्या तळाशी जातात.”

बत्तीस-तेहतीस वर्षांच्या त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं बोलणं मला पूर्ण कळलं.

ज्यांनी कल्हईवाला पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या वाड्याच्या कोपऱ्यावर तो यायचा, जमिनीत वीतभर खड्डा करायचा, त्यात कोळसे पेटवून भाता जोडायचा. भाता हलवायला मुलं फुकट मिळत, त्यात मीही एक. पातेलं सांडशीत धरून तापवायचं, मग आत नवसागराची चिमूट टाकायची. भस्सकन पांढरा धूर उठायचा आणि नाकात झिणझिण्या यायच्या. त्या धुरासरशी भांड्याचा काळपट थर सुटायचा. मग कथलाची कांडी टेकवायची आणि ते वितळलं रे वितळलं की कापसाच्या बोळ्यानं झर्रकन सगळीकडे फिरवायचं. शेवटी बादलीतल्या पाण्यात चर्र. आई ते भांडं उजेडाकडे धरून आत बघायची. कुठे एवढासा पिवळा ठिपका राहिला असेल तर ते भांडं परत जायचं.

त्या ठिपक्याची आईला एवढी धास्ती का, तर कल्हई गेलेल्या पितळेत ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते. कळकणं हे क्रियापद आता नातवंडांना समजावून सांगावं लागतं. आंबट पदार्थ पितळेतल्या तांब्याला डिवचतो आणि घासाला हिरवट, मळमळवणारी चव येते. मग अख्खं भांडंच कथलाचं का करत नाहीत? कारण कथील मऊ, महाग आणि २३२ अंश सेल्सिअसला वितळणारं. फोडणी करायला गेलात तर पातेलंच फोडणीत उतरेल. तेव्हा पितळेनं ताकद द्यायची आणि कथलानं अब्रू राखायची, अशी ही वाटणी.

भाच्याच्या धंद्यातही तीच वाटणी आहे. खाली पोलाद नाहीतर टायटॅनियम, वर कार्बनचा मुलामा. या कार्बनला ते लोक ‘हिऱ्यासारखा कार्बन’ म्हणतात. आता ‘सारखा’ या शब्दाला मराठी माणूस बिचकून असतो. रेशमासारखी साडी, तुपासारखं तूप, हापूससारखा आंबा. ‘सारखं’ ऐकलं की आपला हात पाकिटावरून मागे येतो. पण इथे हा शब्द प्रामाणिक आहे. हिऱ्यात कार्बनचा प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना धरून असतो. शिसपेन्सिलीत, म्हणजे ग्रॅफाइटमध्ये, तो तिघांनाच धरतो. (शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, हा ‘सारखा’ न म्हणता केलेला घोटाळा.) या मुलाम्यात काही अणू हिऱ्याच्या रीतीनं बसलेले, काही ग्रॅफाइटच्या, आणि सगळे मिळून कुठल्याच रांगेत नाहीत. लग्नाच्या पंगतीत अर्धे पाटावर नीट बसावेत आणि अर्ध्यांनी जागा मिळेल तिथे बूड टेकवावं, तसं. कुठल्या रीतीचे किती आणि मध्ये हायड्रोजन किती मिसळला, यावर माल कडक होणार की मवाळ ते ठरतं. १९७१ साली आयझेनबर्ग आणि शॅबो या अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी अशा थराचं वर्णन छापलं. आज तो दाढीच्या काही पात्यांच्या धारेवर असतो, संगणकाच्या हार्ड डिस्कवर असतो, डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरमध्ये असतो. आपण रोज त्याच्या संगतीत वावरतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

लावायची पद्धत ऐकून तर मी आडवाच झालो. भांडं, म्हणजे यंत्राचा भाग, एका निर्वात पेटीत ठेवायचा. आत थोडा अरगॉन वायू सोडून विजेनं तो पेटता ठेवायचा आणि त्याचे भारित कण त्या धातूवर आदळवायचे. त्या माऱ्यानं धातूवरचा ऑक्साइडचा थर उडून जातो.

“म्हणजे नवसागर,” मी म्हणालो.

“म्हणजे नवसागर,” तो म्हणाला. पुढे कार्बन असलेल्या वायूतून किंवा ग्रॅफाइटच्या तुकड्यावरून अणू उडवून ते धातूवर बसवायचे. काही तासांनी दोन-तीन मायक्रॉनचा काळा चकचकीत थर तयार. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या पंचविसाव्या भागाएवढ्या जाडीवर हा मुलगा पगार घेतो.

एवढ्या पातळ थराचं समुद्राच्या तळाशी काम काय, हे समजायला आधी तळ समजून घ्यायला हवा. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढत जातो. सहा हजार मीटरवर तो सहाशेपट होतो, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एक धष्टपुष्ट म्हैस उभी. मला वाटलं होतं, ती म्हैसच या मुलाम्याला चिरडत असणार. भाच्यानं मान हलवली. दाब सगळीकडून सारखाच येतो, त्यामुळे भरीव वस्तूला त्याचं फारसं काही वाटत नाही. मासे तिथे सुखानं राहतातच. दाबाचं वैर असतं ते पोकळीशी. म्हणून खोल पाण्यातल्या मोटारीत हवा ठेवतच नाहीत, तेल भरतात आणि त्या तेलाचा दाब बाहेरच्या पाण्याबरोबर राहील अशी सोय करतात.

ही सोय असली तरी तेल शेवटी तेलच. तळाशी दोन-चार अंशांची थंडी, त्यात वरून दाब, या दोहोंनी ते आणखी घट्ट होतं. सील जरा सुटलं की समुद्रात जातं आणि समुद्र आत येतो. २०१२ साली जेम्स कॅमेरून हा चित्रपट दिग्दर्शक एकटा मारियाना गर्तेच्या तळाला, १०,९०० मीटरवर जाऊन आला, तेव्हा त्याच्या पाणबुडीतलं हायड्रॉलिक तेल गळलं आणि नमुने उचलणारा यांत्रिक हात लुळा पडला. इतक्या लांब जाऊन हात हलवता येऊ नये, यासारखं दुःख दुसरं नाही. तेव्हा जिथे जमेल तिथे तेल टाकून द्यावं आणि समुद्राचंच पाणी पंपात घेऊन वंगण म्हणून वापरावं, असा विचार पुढे आला. पाणबुडीचं वजन कमी-जास्त करायला समुद्राचं पाणी आत-बाहेर करणारे पंप लागतातच. पण पाणी हे वंगण म्हणून फार पातळ. दोन पृष्ठभागांमध्ये तेल जसं गादी टाकून बसतं तसं पाण्याला बसता येत नाही. पिस्टन सिलिंडरला टेकतो, घासतो, आणि तिथे ही कार्बनची कल्हई कामाला येते.

या सगळ्याशी आपला संबंध काय, असं म्हणू नका. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या ‘गवेषणी’ जहाजानं १९८१च्या २६ जानेवारीला अरबी समुद्राच्या तळातून धातूचे गोळे वर काढले. दिसायला करपलेल्या बटाट्यासारखे, पण पोटात मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. लाखो वर्षांत काही मिलिमीटर वाढतात, अगदी आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासासारखे. पुढे मध्य हिंदी महासागरातला ७५,००० चौरस किलोमीटरचा तळ या गोळ्यांसाठी भारताच्या वाट्याला आला. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं २०२१ साली तिथे ५,२७० मीटरवर एक यंत्र चालवून पाहिलं. त्याचं नाव ‘वराह’. तिघांना घेऊन सहा हजार मीटर उतरणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडीही तीच संस्था तयार करते आहे. माणसं बसतात तो टायटॅनियमचा गोल आतून २.१ मीटर व्यासाचा, ८० मिलिमीटर जाडीचा. दशावतारांचा क्रम थोडा मागेपुढे झाला खरा, पण समुद्रातून पृथ्वी वर काढण्याचं काम वराहाकडेच गेलं, हे नाव ठेवणाऱ्यानं बरोबर केलं. त्या तळावरचा चिखलही साधा नव्हे. सूक्ष्म जिवांच्या सिलिकाच्या सांगाड्यांचा तो गाळ आहे, म्हणजे थोडक्यात काचेची पिठी. अशा पिठात बेअरिंग फिरवायचं म्हटल्यावर कल्हई आठवणारच.

घासण्या-झिजण्याच्या या शास्त्राला ‘ट्रायबॉलॉजी’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘ट्रायबॉस’ म्हणजे घासणं. हा शब्द रूढ झाला तो १९६६ साली, पीटर जोस्ट यांनी ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालामुळे. घर्षण आणि झीज यांच्याकडे नीट लक्ष दिलं तर देशाचे वर्षाला ५१.५ कोटी पौंड वाचतील, असं त्यात म्हटलं होतं. मी भाच्याला म्हटलं, याला मराठीत ‘घासाघीस’ हा शब्द आयता आहे. घासाघीस नीट केली की पैसे वाचतात, हे मंडईतल्या कुठल्याही बाईनं साहेबांना फुकट सांगितलं असतं.

पण त्या शास्त्रातली एक गोष्ट मात्र मला मंडईत कळली नसती. हा हिऱ्यासारखा कडक थर घासला जाऊ लागला की आपली सगळ्यात वरची साय ग्रॅफाइटसारखी मऊ करून घेतो. ती साय समोरच्या पृष्ठभागालाही चिकटते. मग मऊ मऊवर घसरतं आणि खालचा कडकपणा शाबूत राहतो. कोरड्या पोलादावर पोलाद घासलं तर घर्षणाचा आकडा साधारण ०.६ असतो. अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत भरपूर हायड्रोजन असलेला असा थर कोरड्या नायट्रोजनमध्ये घासला, तेव्हा तोच आकडा ०.००१च्या घरात आला. जवळजवळ घर्षण नाहीच. याच थराला दमट हवा दिली की मात्र तो फुरंगटतो आणि आकडा चांगलाच वर चढतो.

त्याचा भाऊ ग्रॅफाइट बरोबर उलट्या स्वभावाचा. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बनचे ब्रश काही तासांत भुगा होऊन पडू लागले. जमिनीवर तेच ब्रश महिनोन्‌महिने टिकत. रॉबर्ट सॅव्हेज या संशोधकानं कारण शोधलं: ग्रॅफाइटला घसरायला हवेतली वाफ लागते आणि उंचावरच्या विरळ हवेत ती नसते. एक भाऊ पावसाळ्यात खुलणारा, दुसरा पावसाळ्यात कुरकुरणारा, आणि दोघांचं आडनाव कार्बन. अशी घरं मी पाहिली आहेत.

मग आपला हा कुरकुरणारा भाऊ थेट समुद्रात कसा टिकतो? तर पाणी त्याला एका बाबतीत सांभाळून घेतं. घासताना कार्बनच्या अणूंचे बंध तुटतात आणि त्यांचे हात मोकळे राहतात. ते समोरच्याला धरायला बघतात आणि ओढाताण सुरू होते. पाण्यातले हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल त्या मोकळ्या हातांत जाऊन बसतात. सभेत मोकळ्या हाताच्या माणसाला चहाचा कप दिला की तो भांडत नाही, त्यातलाच प्रकार. नायट्रोजनमधली ती जादू पाण्यात होत नाही, पण एक दशांश किंवा त्याहून कमी घर्षणावर काम निभावून जातं. चांगल्या थरावर एक किलोचा भार ठेवून किलोमीटरभर घासलं, तर एका घन मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाच माल झिजतो. मी म्हटलं, “मग झालं की! आणखी काय हवं?”

“मामा,” तो म्हणाला, “घासून मरतात ते नशीबवान. आमचे बहुतेक थर आतून मरतात.”

आणि इथे मला आमची गच्ची आठवली.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेल्या बारा वर्षांत तीन वेळा वॉटरप्रूफिंग झालं. आधी ब्रिकबॅट कोबा, मग केमिकल कोटिंग, मग पांढरं केमिकल कोटिंग. प्रत्येक वेळी कंत्राटदार गच्चीवर उभा राहून टाचेनं आपटून दाखवायचा. टाचेखाली ते कोटिंग अभेद्य होतं. प्रत्येक पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावर आमच्या हॉलमध्ये गळायचं. भेग निघायची टाकीच्या बुडाशी, आमच्या हॉलपासून पंचवीस फूट लांब. पाणी कोटिंगखालून शिरून, स्लॅबमधून फिरून, बरोबर आमच्या सोफ्यावर उतरायचं. शेवटी कंत्राटदारानं लेखी कळवलं की गॅरंटी कोटिंगची होती, गळतीची नव्हती. त्या वाक्यावर मी बराच काळ संतापलो होतो. भाच्याचं ऐकल्यावर लक्षात आलं की तो माणूस नकळत मोठी शास्त्रीय गोष्ट बोलून गेला होता.

कारण समुद्राच्या तळाशी हेच होतं. कार्बनचा थर बसताना धुळीचा एखादा कण आड आला, ग्रॅफाइटचा एखादा बारीक थेंब उडून बसला आणि नंतर निघाला, की तिथे सुईच्या टोकाहून बारीक भोक राहतं. आईनं शोधलेला तोच पिवळा ठिपका. त्या भोकावर खारं पाणी आणि त्या पाण्यामागे ती म्हैस. कार्बनला मीठ काही करू शकत नाही, म्हणून ते सगळं खालच्या पोलादावर निघतं. त्यातून कार्बनचा थर वीज वाहून नेणारा असेल तर आणखीच वाईट. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जोडले की एक गंजतो आणि दुसरा त्याच्या जिवावर बसतो, ती विजेरीची रीत इथे लागू होते. कार्बन खानदानी, तो गंजत नाही. गंजायचं ते भोकातून उघड्या पडलेल्या तेवढ्याशा पोलादानं. सगळ्या गावाची उधारी एकाच गरिबाच्या खात्यावर मांडावी तसं तिथे पोखरलं जातं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. तो फुगतो, वरच्या थराला फोडासारखा उचलतो, पुढच्या फेरीत पिस्टन त्या फोडावरून जातो आणि थराचा टवका निघतो. तो टवका हिऱ्यासारखा कडक, त्यामुळे आता तोच पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये शिरून दोघांना ओरखडत सुटतो. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात, ते हे.

मी घरगुती उपाय सुचवला. “जाड थर दे की! तीनऐवजी तीस मायक्रॉन.” तो हसला. थर चढवताना अणू इतके ठासून बसवलेले असतात की थराच्या अंगात पसरण्याची जबर ओढ असते. मुंबईच्या लोकलमध्ये सकाळी साडेआठला जी असते ती. थर पातळ आहे तोवर चिकटून राहतो. जाड केला की ती ओढ खालच्या पकडीहून मोठी होते आणि पाणी नाही, पिस्टन नाही, नुसता पेटीतून बाहेर काढून टेबलावर ठेवला तरी आपला आपण सुटून येतो. सुटताना त्याच्या नागमोडी सुरकुत्या पडतात, जुन्या टेलिफोनच्या वायरीसारख्या. संरक्षण दाट केलं म्हणून ते टिकतं, हा गच्चीवरचा समज तिथेही चालत नाही.

चालतं ते असं: पोलाद आणि कार्बन यांच्यामध्ये क्रोमियम, टायटॅनियम किंवा सिलिकॉनचा एक पदर घालायचा, दोघांशी जमवून घेणारा. आणि वर एकच जाड थर न देता कडक-मऊ, कडक-मऊ असे पातळ पदर रचायचे, घडीच्या पोळीसारखे. मग एका पदराचं भोक दुसऱ्या पदराच्या भोकावर येत नाही आणि पाण्याची वाट चुकते. चीनमध्ये लानचौ आणि निंगबो इथल्या संस्थांनी या कामात पुष्कळ मजल मारली आहे. तो देशही एव्हाना १०,९०९ मीटरवर माणसं उतरवून बसला आहे, तेव्हा त्यांना ते लागतंच. इथे आमचा भाचा खाऱ्या पाण्याच्या बंद पोलादी भांड्यात दाब देऊन त्यात एक गोळी एका चकतीवर गरागरा फिरवतो. दिवसचे दिवस. मग चकती काढून तिच्यावर पडलेली चर मोजतो. ती डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या आईला हे सगळं कसं सांगायचं, हा प्रश्न मी त्याच्यावरच सोडला.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. १९६८च्या ऑक्टोबरमध्ये ‘अल्विन’ ही अमेरिकी पाणबुडी समुद्रात सोडताना दोर तुटून बुडाली. आतली माणसं कशीबशी बाहेर पडली, पण त्यांचा डबा आत राहिला. पाणबुडी दीड हजार मीटरवर दहा महिने पडून होती. वर काढली तेव्हा डब्यातलं सँडविच भिजलेलं, पण खाण्याजोगं होतं. पुढे ते पदार्थ प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये ठेवले, तर काही आठवड्यांत नासले. म्हणजे ज्या थंड, दाबाखालच्या अंधारात पाव दहा महिने तग धरतो, तिथे उघड्या पडलेल्या पोलादाची मात्र धडगत नाही. हे ऐकून ही म्हणाली, “मग पोळीभाजीच लावा त्या पंपाला.”

भाचा निघाला तेव्हा पातेलं अजून ओट्यावरच होतं. त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, “मामी, दे माझ्याकडे. यावर कार्बन चढवून आणतो, आयुष्यभर बघायला नको.”

“त्यात ताक ठेवलं तर कळकणार नाही ना?”

तो थांबला. प्रयोगशाळेत जसा थांबत असेल तसा. “एखादं भोक राहिलं तर कळकेल,” तो म्हणाला.

हिनं पातेलं परत घेतलं.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या भागात कल्हईवाला येत असेल, तर त्याला आमच्याकडे धाडा. कथील आणि नवसागर आणून ठेवला आहे, भाता मी हलवीन, तेवढी सवय अजून आहे. पत्ता सोपा आहे: तिसरा मजला, ज्या हॉलमध्ये सोफ्यावर बादली ठेवलेली दिसेल तेच घर.